रंग बदलला की टीप का बिघडते? दोरा काढण्याची आणि ओवण्याची नीट पद्धत

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी पायाची काळी मशीन आहे. एका रंगावर टीप छान पडते. दुसऱ्या रंगाचं ब्लाऊज घेतलं, दोरा बदलला, की कापडाखाली दोऱ्याची जाळी होते. कधी पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निसटतो, कधी मधेच तुटतो. टेन्शनचा, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारा स्क्रू फिरवून झाला, बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्या डबीत बसते तिचा) स्क्रूही फिरवून झाला, तरी फरक नाही.

त्या दोन्ही स्क्रूंचा नाद आधी सोडा. सकाळपर्यंत मशीन चांगली चालत होती आणि दुपारी फक्त दोरा बदलला, तर दोष स्क्रूत असायचं काही कारण नाही. दोऱ्याच्या वाटेतली एखादी जागा चुकली आहे. जाळी दिसते कापडाखाली, म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात. खरं तर दहापैकी नऊ वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते.

टाका कसा पडतो ते एकदा समजून घेतलं की हे पटेल. सुई खाली जाऊन किंचित वर यायला लागते, तेव्हा तिच्या पाठीमागे वरच्या दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो. शटलचं, म्हणजे बॉबिन केसभोवती फिरणाऱ्या भागाचं टोक तो फुगा पकडतं आणि अख्ख्या बॉबिन केसभोवती फिरवून आणतं. तेवढ्यासाठी वरचा दोरा भरपूर खाली जातो, लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. उरलेला दोरा परत वर खेचायचं काम मशीनच्या तोंडाशी वरखाली होणारी लिव्हर करते, आणि खेचताना रिळावरचा नवा दोरा फुकट येऊ नये म्हणून टेन्शनच्या चकत्या तो धरून ठेवतात. लिव्हर चुकली किंवा दोरा चकत्यांमध्ये बसलाच नाही, तर खाली गेलेला दोरा खालीच राहतो. तीच तुमची जाळी. बॉबिनचा स्क्रू कितीही आवळा, ती जाणार नाही.

आता दोरा काढण्यापासून सुरुवात करू, कारण बिघाडाची सुरुवात बहुतेक तिथेच होते.

घाईत आपण काय करतो? सुईपाशी दोरा तोडतो आणि रीळ उचलून दोरा मागे, वरच्या दिशेने ओढून घेतो. हे करू नका. शिवताना दोरा एकाच दिशेने जातो, रिळाकडून सुईकडे. त्याच्यावरचा कापसाळ भुसा चकत्यांच्या तोंडाशी साठतो. दोरा उलटा ओढला की तो भुसा चकत्यांच्या आत जाऊन बसतो. सुती दोऱ्याचा भुसा जास्त, म्हणून त्याला हे जास्त लागू. चकत्यांमध्ये राईच्या दाण्याएवढी जरी गोळी अडकली तरी त्या पूर्ण मिटत नाहीत आणि टेन्शन कितीही वाढवलं तरी टीप सैलच पडते. म्हणून मशीनचा पाय (सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग) वर उचला, दोरा रिळापाशी कापा आणि उरलेला तुकडा सुईकडून, शिवताना जातो त्याच दिशेने, ओढून काढा. हातभर दोरा वाया जातो, जाऊ द्या.

पाय उचलायचा तो का, हेही महत्त्वाचं आहे. पाय वर केला की आतली छोटी पिन चकत्या सैल करते. तेव्हा दोरा त्यांच्यामध्ये अलगद सरकून बसतो. पाय खाली असताना ओवलात तर चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या कडेवर टेकून राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं की बसला. शिवणक्लासमध्ये ओवण्याचा क्रम सगळ्यांना पाठ करून घेतात, पण पाय वर ठेवायचं सांगायचं मात्र पुष्कळदा राहून जातं.

दुसरी तयारी लिव्हरची. हातचाक स्वतःकडे फिरवून लिव्हर सगळ्यात वरच्या टोकाला आणा. सुई वर दिसते म्हणजे लिव्हरही वर आहे असं समजू नका. सुई वर पोचून परत किंचित खाली वळते, तेव्हा लिव्हर आपल्या टोकाला येते. डोळा लिव्हरवर ठेवून थांबा. ती अर्ध्यात असताना ओवलंत, तर पहिल्या टाक्याला ती उरलेलं अंतर वर चढते आणि आखूड टोक सुईच्या नेढ्यातून खेचून नेते. दोरा पहिल्याच टाक्याला निसटतो तो यामुळे.

रीळ दांड्यावर ठेवताना त्याच्याखाली नमद्याची चकती असू द्या, नाहीतर रीळ गरगर फिरतं आणि सुटलेला दोरा खाली दांड्याला वेढे घेतो. रिळाच्या कडेला दोरा अडकवायची बारीक खाच असते, ती खालच्या बाजूला ठेवा. दोऱ्याचा मोठा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं रीळ वापरत असाल तर तो दांड्यावर खोचू नका. कोनाचा दोरा वरून सुटायला हवा. मशीनच्या मागे एका रुंद वाटीत किंवा पेल्यात कोन उभा ठेवा आणि दोरा त्याच्या बरोबर वर कुठल्या तरी तारेच्या कडीतून घेऊन मग मशीनवर आणा. कोन आडवा लोळत असेल तर दोरा हिसके देत येतो आणि टीप कुठे घट्ट, कुठे सैल पडते.

आता वाट. उषा, सिंगर किंवा तशाच घडणीच्या काळ्या मशीनवर दोरा रिळावरून डावीकडे वरच्या दोरा-कडीत जातो. तिथून खाली येऊन टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये शिरतो, त्यांना खालून वळसा घालून बाजूच्या बारीक तारेच्या स्प्रिंगमध्ये अडकतो, तिथल्याच छोट्या आकड्याखालून वळून वर चढतो, लिव्हरच्या भोकातून जातो, परत खाली येऊन तोंडावरच्या कडीतून आणि सुई धरणाऱ्या खिट्टीजवळच्या तारेतून सुईकडे उतरतो.

या वाटेत सगळ्यात जास्त चुकते ती बारीक तारेची स्प्रिंग. ती केसासारखी नाजूक दिसते, म्हणून तिचं काही काम नसावं असं वाटतं. सुई कापडात शिरत असताना दोरा क्षणभर सैल होतो, तेव्हा तो ताणून धरायचं काम तिचं. तिच्यात दोरा नसेल तर सैल दोरा सुईच्या टोकाखाली येतो, चिरला जातो आणि तुटतो. दोरा चकत्यांमध्ये दोन्ही हातांनी ताणून खाली ओढा. स्प्रिंग दोऱ्याबरोबर थोडी हलून परत जागेवर येताना दिसली पाहिजे. हलत नसेल तर दोरा तिच्या बाहेर आहे, किंवा स्प्रिंग वाकली आहे.

सुई ओवायच्या आधी एक तपासणी करा. याला दहा सेकंद लागतात आणि उसवण्याचा तास वाचतो. पाय वर असताना सुईजवळचा दोरा ओढून बघा, तो सहज सरकेल. आता पाय खाली टाका आणि पुन्हा ओढा. या वेळी स्पष्ट अडकाव जाणवला पाहिजे. दोरा सुईत ओवून हेच केलंत तर सुई किंचित वाकताना दिसते. पाय वर आणि पाय खाली यांत काहीच फरक नसेल, तर दोरा चकत्यांमध्ये नाही किंवा चकत्यांमध्ये कचरा आहे. मग शिवायला बसू नका. पाय वर करून पुन्हा ओवा. तरीही तसंच असेल तर सुती कापडाची पातळ पट्टी घेऊन ती पाय वर असताना चकत्यांमधून वरून खाली, दोऱ्याच्या दिशेने, दोन-तीनदा फिरवा. भुशाची बारीक गोळी पट्टीबरोबर बाहेर येते.

सुईच्या बाबतीत एकच नियम लक्षात ठेवा, तो कुठल्याही मशीनला लागू पडतो. सुईच्या एका अंगाला नखाने जाणवणारी लांब खोबण असते. दोरा नेहमी त्या लांब खोबणीच्या बाजूने आत जातो. दुसऱ्या अंगाला, नेढ्याच्या वर, छोटा खोलगट भाग असतो, तो शटलच्या बाजूला राहतो. काळ्या घरगुती मशीनला चपट्या दांड्याची सुई लागते. चपटी बाजू उजवीकडे, लांब खोबण डावीकडे, म्हणून दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. ज्या मशीनची बॉबिन समोरून बसते, त्या झिगझॅग मशीनवर चपटी बाजू मागे असते आणि दोरा समोरून मागे जातो. कारखान्यातल्या आणि काही टेलरिंगच्या मशीनना गोल दांड्याची सुई लागते. तिला चपटी बाजूच नाही, त्यामुळे तिथे नखाने खोबण शोधणं हाच उपाय. दोन्ही सुयांची अदलाबदल करू नका. पाकिटावर चपट्या सुईला एचए×१ आणि गोल सुईला डीबी×१ असं लिहिलेलं असतं. दुकानात नुसता नंबर सांगितलात आणि दुसऱ्याच जातीची सुई घरी आली, तर ती बसली तरी टाके सुटत राहतील. सुई बसवताना ती वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवा. दोन-तीन मिलिमीटर जरी खाली राहिली तरी शटलची आणि फुग्याची चुकामूक होते.

नेढ्यात दोरा जात नाही तेव्हा आपण दोरा ओठात धरून ओला करतो. ओला दोरा फुगतो. त्याऐवजी धारदार कात्रीने दोरा तिरका कापा, टोकापासून सेंटिमीटरभर अंतरावर चिमटीत धरा आणि सुईच्या मागे पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. काळ्या मशीनवर काळा दोरा ओवताना या कागदाने फार फरक पडतो. ओवल्यावर १० सेंटिमीटर दोरा बाहेर ठेवा.

बॉबिन. आधीच्या रंगाचा थोडा दोरा उरलेल्या बॉबिनवर नवा रंग भरायची सवय असेल तर ती मोडा. आतलं टोक वर येऊन नव्या दोऱ्यात अडकतं आणि मधेच हिसका बसतो. भरताना हातचाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल करा, म्हणजे सुई थांबेल. दोरा पाट्यावरच्या छोट्या टेन्शन-चकतीतून घेतलाच पाहिजे. नुसता बोटात धरून भरलेली बॉबिन कापसाच्या बोंडासारखी मऊ होते. दाबून बघा, चांगली बॉबिन कडक लागते. काठापासून मिलिमीटरभर कमीच भरा, ओसंडून भरलेली बॉबिन केसमध्ये घासते. पॉलिस्टर दोरा सावकाश भरा. जोरात भरला तर तो ताणला जातो, शिवून झाल्यावर परत आखडतो आणि शिवणीला चुण्या पडतात. इस्त्रीनेही त्या जात नाहीत. भरून झाल्यावर तो मोठा स्क्रू पुन्हा आवळायला विसरू नका.

बॉबिन केसमध्ये बॉबिन कुठल्या बाजूने घालायची यावर फार गोंधळ होतो. दोरा खाचेत ओढल्यावर तो उलट वळून पट्टीच्या स्प्रिंगखाली गेला पाहिजे, म्हणजे खाचेपाशी दोऱ्याला केसपिनेसारखा बाक दिसला पाहिजे. दोरा सरळच सरकत स्प्रिंगखाली गेला तर बॉबिन उलटी आहे. बाहेर काढून पालथी करा. मग दोरा स्प्रिंगच्या टोकाच्या बारीक खिडकीतून बाहेर येऊ द्या.

आता केसचा ताण बघा. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोरा धरून केस लटकवा, खाली दुसरा हात ठेवा. नुसती लटकवल्यावर ती खाली घसरू नये. मनगटाने हलका झटका दिला की तीन-चार सेंटिमीटर उतरावी आणि थांबावी. सरळ खाली गेली तर सैल, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. तुम्ही तो स्क्रू फिरवून ठेवलाय, त्यामुळे तुम्हाला हे एकदा करावंच लागेल. एका वेळी चक्राचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. तो स्क्रू एवढासा असतो की पूर्ण सुटला तर फरशीवर सापडत नाही, म्हणून खाली टॉवेल पसरून बसा. एकदा जमलं की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. रोजचे फरक वरच्या टेन्शनवर करायचे.

केस बसवताना तिचं बोट वरच्या खाचेत येऊ द्या आणि 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. आवाज आला नाही तर केस बसलेली नाही. पहिल्याच टाक्याला ती निसटते आणि सुई तिच्यावर आदळून मोडते.

खालचा दोरा वर घ्यायला वरच्या दोऱ्याचं टोक डाव्या हातात सैलसर धरा, हातचाक स्वतःकडे एक पूर्ण फेरा फिरवा आणि टोक हलकेच ओढा. खालच्या दोऱ्याचा फास वर येतो. दोन्ही टोकं पायाखालून मागे घ्या. पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत ती बोटाने दाबून धरा, नाहीतर सुरुवातीलाच ती खाली ओढली जाऊन गुंता होतो. पायडल मारताना चाक उलटं फिरलं तरी तसाच गुंता होतो, म्हणून सुरुवातीचा फेरा नेहमी हाताने द्या.

दिवसाला दहा-बारा ब्लाऊज शिवणाऱ्या बायका जुन्या दोऱ्याला नवा दोरा गाठ मारून ओढून घेतात. घाईच्या कामात ते ठीक आहे, आणि दोरा ओढला जातो तोही योग्य दिशेनेच. अटी दोन. पाय वर असला पाहिजे, आणि गाठ लहान असली पाहिजे. गाठ सुईच्या वरच्या तारेपर्यंत आली की थांबा, कापा आणि नेढ्यात दोरा हाताने ओवा. गाठ नेढ्यातून जबरदस्तीने ओढली तर सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढे तिच्या खालच्या प्लेटच्या भोकाला घासून तिथे ओरखडा पाडते. मग प्रत्येक रंगाचा दोरा तिथे तुटायला लागतो. प्लेटच्या भोकात कापसाचा बोळा फिरवून बघा, धागे अडकले तर ओरखडा आहे. जाडी बदलणार असेल, म्हणजे साध्या दोऱ्यावरून जरीच्या दोऱ्यावर जाणार असाल, तर गाठीचा मार्ग घेऊ नका, पूर्ण काढून ओवा.

रंगाबरोबर दोऱ्याची जाडी आणि कापड बदलत असेल तर सुईही बदलावी लागते. सुईचा नंबर म्हणजे तिची जाडी. ११ नंबर म्हणजे ०.७५ मिमी, १४ म्हणजे ०.९० मिमी, १६ म्हणजे १ मिमी. व्हॉइल, शिफॉन, पातळ रेशमाला ९ किंवा ११, साध्या सुती ब्लाऊजला आणि अस्तराला ११ ते १४, जाड पडद्याला आणि जीनला १६ ते १८. दोरा सुईला जाड आहे का हे ओळखायला सुटी सुई हातभर दोऱ्यात ओवा आणि दोरा तिरका ताणून धरा. सुई आपोआप खाली घसरली तर जोडी जुळली. अडकत, थांबत गेली तर सुई मोठी घ्या. जरीच्या दोऱ्याला १४ किंवा १६ ची सुई, वरचं टेन्शन सैल आणि टाका थोडा लांब ठेवा, नाहीतर जरीचं आवरण नेढ्यापाशी सोलून निघतं.

वरच्या टेन्शनची खूण अशी. त्याच कापडाच्या दोन पदरी तुकड्यावर वर एक रंग आणि खाली वेगळा रंग लावून शिवून बघा. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचं टेन्शन घट्ट आहे. वरचा रंग खाली दिसला तर सैल. जास्त खात्री हवी असेल तर कापड तिरकं, म्हणजे ओरेब धरून टीप मारा आणि दोन्ही टोकं झटकन ओढा. जो दोरा तुटेल तो जास्त घट्ट आहे. दोन्ही एकदम तुटले तर ताण सारखा आहे.

आणि आधीच अडकून बसलेली मशीन कशी सोडवायची? चाक जोर लावून फिरवू नका. आधी पाय वर करा, कापडाखालचे दोरे कात्रीने कापून कापड काढा, मग बॉबिन केस काढा. सुई सगळ्यात वर घ्या, शटलच्या बाजूच्या दोन पकडी उघडून रिंग आणि शटल बाहेर घ्या. शटलच्या खाचेत तुटलेल्या दोऱ्याचे बारीक तुकडे दडलेले असतात, तेच चाक अडवतात. जुन्या दातांच्या ब्रशने खाच साफ करा, मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या, शटल अर्धचंद्रासारखं आपल्या जागी बसवा आणि पकडी लावा. नव्या कापडाला हात लावायच्या आधी चिंधीवर वीतभर शिवा, म्हणजे जास्तीचं तेल तिथेच उतरेल आणि ब्लाऊजवर डाग पडणार नाही.